संशोधन प्रकल्पांवरील पदांची जाहिरात सर्वांना दिसेल अशी द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

राज्यातील विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये, अभियांत्रिकी संस्था आणि केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा यांत दरवर्षी अनेक तरुण संशोधन प्रकल्पांवर नेमले जातात. त्यांचा पगार बहुतांशी सार्वजनिक पैशातून होतो. तरीही ही पदे केव्हा निघाली, कोणी अर्ज केले आणि निवड कोणाची झाली, याचा पत्ता त्या विभागाबाहेर फारसा कोणाला लागत नाही. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि आता निवृत्त आहे. एम.एस्सी. झालेली मुले-मुली आजही सल्ल्यासाठी घरी येतात. बी.एड. करावे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा की औद्योगिक वसाहतीत केमिस्ट म्हणून लागावे, एवढेच पर्याय त्यांच्यासमोर असतात. प्रकल्पावर काम करत पुढे पीएच.डी.कडे जाता येते हे त्यांनी ऐकलेले असते, पण त्या वाटेवरचे पहिले दार कुठे आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. त्या दाराविषयी हे पत्र आहे.

प्रकल्पावरचे पद म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विद्यापीठातील एखादा प्राध्यापक संशोधनाचा प्रस्ताव विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) किंवा अणुऊर्जा विभाग यांपैकी कोणाकडे तरी पाठवतो. प्रस्ताव मंजूर झाला की मंजुरी आदेशात उपकरणे, रसायने, प्रवास यांच्याबरोबर मनुष्यबळ या शीर्षाखाली एक-दोन पदे येतात. ती पदे प्रकल्पाच्या मुदतीपुरती, म्हणजे सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असतात आणि नेमणूक बहुधा एकेक वर्षाने वाढवली जाते. नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दांत जेआरएफ म्हणून, १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वरिष्ठ अधिछात्राला ४२,००० आणि पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहयोग्याला अनुभवानुसार ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये मिळतात. याशिवाय शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता असतो. महागाई भत्ता आणि भविष्यनिर्वाह निधी मात्र नसतो. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण नसलेल्यांसाठी प्रकल्प सहयोगी, प्रकल्प सहायक, क्षेत्र कार्यकर्ता अशी पदे असतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२० च्या आदेशात प्रकल्प सहयोगी पदासाठी नेट किंवा गेट असलेल्याला ३१,००० आणि नसलेल्याला २५,००० रुपये ठरवले होते, आणि वयाची मर्यादा ३५ वर्षे होती. तालुक्याच्या ठिकाणी खासगी शाळेत विनाअनुदानित तत्त्वावर शिकवणाऱ्या एम.एस्सी. झालेल्या मुलीला हे आकडे सांगितले, तर तिचा विश्वास बसत नाही.

आता या पदांची जाहिरात कशी निघते ते पाहावे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘सूचना’, ‘भरती’ किंवा ‘इतर’ अशा एखाद्या सदरात निविदा, दीक्षान्त समारंभ आणि वसतिगृहाच्या फेरप्रवेशांच्या सूचनांमध्ये एक पीडीएफ टाकली जाते. अनेकदा ती कागदावर सही घेऊन नंतर स्कॅन केलेली असते, त्यामुळे शोधयंत्रात पद किंवा विषय टाकून ती सापडत नाही. काही ठिकाणी ती विद्यापीठाच्या मुख्य संकेतस्थळावर न येता विभागाच्या फलकावरच लागते. अर्जाची मुदत दहा-पंधरा दिवसांची असते, त्यातले काही दिवस जाहिरात चढवण्यातच जातात. ज्याचा मित्र त्या विभागात आहे त्याला त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ती मिळते. ज्याचा कोणी मित्र तिथे नाही त्याला ती मुदत संपल्यावर दिसते किंवा दिसतच नाही. राज्यात अकृषी सार्वजनिक विद्यापीठे, कृषी विद्यापीठे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुंबईची आयआयटी, नागपूरची व्हीएनआयटी, पुण्याची आयसर व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कुलाब्याची टीआयएफआर, खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र अशा संस्था आहेत. या सगळ्यांची संकेतस्थळे रोज उघडून पाहणे हेच पूर्णवेळ काम होईल. काही मुले ते करतातही. पण बहुतेक जण खासगी नोकरी-वाहिन्यांच्या मागे लागतात, आणि तिथे जाहिरातीच्या खऱ्या दुव्यापर्यंत पोहोचण्याआधी वर्गणी, कोर्स किंवा ‘इंटरव्ह्यू किट’ गळ्यात पडते.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, म्हणजे लिगो-इंडिया, उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतील निर्वात नळ्या, लेसर, आरसे आणि कंपनरोधक रचना यांसाठी भौतिकशास्त्रज्ञांबरोबर यंत्र, विद्युत, स्थापत्य आणि संगणक अभियंते, तसेच तंत्रज्ञही लागणार आहेत. या प्रकल्पातील संस्था पुणे, इंदूर आणि गांधीनगर येथे आहेत, त्यामुळे पदांच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळांवर निघणार, यात त्या संस्थांचा काही दोष नाही. परंतु वसमत किंवा सेनगावच्या अभियांत्रिकी पदविकाधारक मुलाला आपल्या जिल्ह्यातील प्रकल्पाच्या पदांसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संकेतस्थळ पाहावे लागते, हे कोण सांगणार? मी काही महाविद्यालयांत हा विषय काढला, तेव्हा लिगोचे नाव सर्वांना माहीत होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते असते. तिथे नोकरी असू शकते, हा विचार मात्र कोणाच्या मनात आलेला नव्हता.

याउलट त्याच प्रकल्पाच्या पैशातून एखादे उपकरण घ्यायचे असेल तर काय होते? ठरावीक रकमेच्या वर खरेदी गेली की जेम या सरकारी खरेदीच्या किंवा ई-निविदा संकेतस्थळावर ती जाहीर करावी लागते, ठरलेली मुदत द्यावी लागते, कोणी किती दर भरला याची नोंद राहते आणि लेखापरीक्षणात ती तपासली जाते. राज्य सरकारचे निविदा संकेतस्थळ कोणीही उघडून पाहू शकतो. म्हणजे सेंट्रिफ्यूज विकत घेण्याची माहिती साऱ्या राज्याला उपलब्ध आहे, पण ते चालवणाऱ्या माणसाच्या नेमणुकीची नाही. एकच ठिकाण निर्माण करणे अवघड आहे असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२३ मध्ये केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापक भरतीसाठी ‘सीयू-चयन’ हे सामायिक संकेतस्थळ सुरू केले. प्रकल्पावरील पदांसाठी आणि राज्य विद्यापीठांसाठी तसे काही करावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही. युरोपीय आयोगाचे ‘युराक्सेस’ हे संकेतस्थळ अनेक देशांतील विद्यापीठांच्या संशोधन जागा एका जागी दाखवते, आणि ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाने १९९८ मध्ये सुरू केलेले नोकऱ्यांचे संकेतस्थळ आजही तेथील विद्यापीठे वापरतात. आपल्या मुलांना युरोपातील जागा पुण्यातील जागेपेक्षा लवकर सापडते, हे मी स्वतः पाहिले आहे.

मुलाखतीच्या पद्धतीबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘वॉक-इन’ मुलाखत सकाळी दहाला, मूळ कागदपत्रांसह, प्रवासभत्ता दिला जाणार नाही, असे वाक्य बहुतेक जाहिरातींत असते. किनवट, अहेरी किंवा अक्कलकुवा येथून पुण्या-मुंबईला दहा वाजता पोहोचायचे म्हणजे आदल्या दिवशी निघणे, रात्रीचा प्रवास आणि स्थानकावर तोंड धुणे आले. एवढे करून पंधरा-वीस उमेदवार रांगेत असतात आणि पद एक असते. ते पद आधीपासून त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाच जाणार, ही कुजबुज बाहेरच्या बाकावर हमखास ऐकू येते. ती कुजबुज प्रत्येक वेळी खरी असते असे मी म्हणणार नाही. ज्याने त्याच प्रयोगशाळेत एम.एस्सी.चा प्रकल्प केला आहे, ज्याला ते उपकरण चालवता येते, त्याला घेण्यात मुख्य संशोधकाचा स्वार्थ असला तरी तो प्रकल्पाच्या हिताचाही असू शकतो, आणि तीन वर्षांत निष्कर्ष द्यायचे असताना त्याने अनोळखी माणसावर का विसंबावे, हा प्रश्न वाजवी आहे. पण मग जाहिरातीत तसा अनुभव आवश्यक आहे हे आधीच स्पष्ट लिहावे. दूरच्या उमेदवाराला निदान पहिली फेरी दूरदृश्य पद्धतीने द्यावी, निवड यादी गुणांसह प्रसिद्ध करावी आणि प्रतीक्षा यादी ठेवावी. करोनाच्या काळात सगळ्या मुलाखती ऑनलाइन झाल्या होत्या आणि त्यामुळे संशोधनाचा दर्जा घसरल्याची तक्रार माझ्या तरी ऐकण्यात नाही.

निवड झाल्यानंतरची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. जेआरएफ म्हणून प्रकल्पावर रुजू झालेला उमेदवार पीएच.डी.ला आपोआप नोंदवला जात नाही. त्याला विद्यापीठाच्या प्रवेश प्रक्रियेतून जावे लागते. ती प्रक्रिया अनेक विद्यापीठांत वर्षातून एकदाच होते, आणि ‘पेट’ या पीएच.डी. प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक पुढे ढकलले जाण्याचा अनुभव राज्यात नवा नाही. त्यातच एका प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. त्या जागा भरलेल्या असल्या तर प्रकल्प मिळालेला मार्गदर्शक आपल्याच जेआरएफला नोंदवून घेऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि त्यातील पहिले वर्ष नोंदणीच्या वाटेत जाते. प्रकल्प संपतो तेव्हा प्रबंध अर्ध्यावर असतो आणि अधिछात्रवृत्ती थांबते. अशा वेळी केंद्रीय विद्यापीठात बिगर-नेट विद्यार्थ्याला दरमहा आठ हजार रुपयांची का होईना अधिछात्रवृत्ती असते. राज्य विद्यापीठात तीही नसते. मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांची वाट पाहायची. त्या मागण्यासाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागल्याच्या बातम्या आपल्यासारख्या वृत्तपत्रांनीच दिल्या आहेत. प्रकल्पाची जाहिरात काढतानाच पीएच.डी. नोंदणीची शक्यता आहे की नाही, आणि असल्यास केव्हा, हे एका ओळीत लिहिले तरी अनेकांची फसगत टळेल.

वैद्यकीय संशोधनाची स्थिती याहून वेगळी आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. वैद्यकीय संशोधन म्हणजे एमबीबीएस आणि एम.डी. झालेल्यांचे काम, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात आयसीएमआरच्या प्रकल्पांत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, सांख्यिकी, समाजकार्य, परिचर्या आणि पोषणशास्त्र या विषयांचे पदवीधर लागतात. प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकलेल्यांची आणि घरोघरी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या बारावी उत्तीर्ण मुलींचीही गरज असते. या पदांची श्रेणी आयसीएमआरने ठरवून दिली आहे. प्रकल्प तांत्रिक साहाय्य या पदाच्या पहिल्या पायरीला १८,०००, दुसरीला २०,०००, तिसरीला २८,००० रुपये आणि वैद्यकेतर प्रकल्प वैज्ञानिकाच्या पहिल्या पायरीला ५६,००० रुपये, असे हे ढोबळ मानधन आहे, वर घरभाडे भत्ता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे दशकानुदशके ठेवला. भारतीय बाळे वजनाने कमी पण चरबीने तुलनेने जास्त का असतात, या प्रश्नावर जगभर ज्याचा दाखला दिला जातो असे ते काम आहे. त्यामागे डॉक्टरांइतकेच बाळांचे वजन-माप घेणाऱ्या, रक्ताचे नमुने वेळेत शीतपेटीत ठेवणाऱ्या आणि कुटुंबांचा विश्वास टिकवणाऱ्या क्षेत्र कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तोही गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या बळावर उभा होता. अशा पदांची जाहिरात ज्या भाषेत आणि ज्या ठिकाणी निघते, त्यावरून ती कोणासाठी आहे हे ठरते. मराठी बोलता येणे आवश्यक अशी अट असलेल्या क्षेत्र कार्यकर्तीच्या पदाची संपूर्ण जाहिरात इंग्रजीत असावी, यात कोणाला काही विसंगत वाटत नाही.

वैद्यकीय क्षेत्राचेच एक उदाहरण या बाबतीत उपयोगी आहे. मानवांवरील औषध-चाचण्यांची सार्वजनिक नोंद ठेवण्यासाठी आयसीएमआरने जुलै २००७ मध्ये ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ ही नोंदवही सुरू केली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी ती सक्तीची केली. चाचणी कोण करतो, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या नैतिकता समितीच्या मंजुरीने आणि किती रुग्णांवर, हे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी तिथे नोंदवावे लागते आणि कोणालाही ते विनामूल्य पाहता येते. त्या वेळीही हे कागदी ओझे आहे, संशोधक कंटाळतील, असे म्हटले गेले. आज ती नोंद हा सर्वांच्या सवयीचा भाग झाला आहे. प्रकल्पाचा मंजुरी आदेश निघाला की त्यातील पदांची नोंद अशाच एका नोंदवहीत व्हावी, आणि पद भरले की कोणत्या तारखेला भरले एवढे तरी तिथे लिहावे. नोंद झाल्याशिवाय मनुष्यबळाचा हप्ता सुटणार नाही अशी अट निधी देणाऱ्या संस्थेने घातली, तर महिन्याभरात सगळे कुलसचिव नोंदी करू लागतील, याबद्दल मला शंका नाही.

पगाराचा प्रश्न या सगळ्यावर कडी करतो. अधिछात्राचा पगार दरमहा होईलच याची खात्री कोणी देत नाही. निधीचा पहिला हप्ता येतो, तो संपतो, मग विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) आणि खर्चाचे विवरणपत्र पाठवल्याशिवाय दुसरा येत नाही. ते प्रमाणपत्र विद्यापीठाच्या वित्त विभागातून, सनदी लेखापालाच्या सहीनिशी जावे लागते, आणि वित्त विभागात मार्च ते जून हे महिने कसे जातात हे विद्यापीठात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. केंद्रीय योजनांच्या निधीसाठी २०२२ पासून शून्य शिलकीच्या खात्यांची नवी पद्धत आली. पैसा विनावापर बँकेत पडून राहू नये, हा तिचा हेतू चांगला होता, पण तिच्या बसवणुकीच्या काळात अनेक प्रयोगशाळांत माणसे पगाराविना राहिली. माझी एक विद्यार्थिनी राज्यातील एका विद्यापीठात जेआरएफ असताना कित्येक महिने तिला मानधन मिळाले नाही. ‘फंड आलेला नाही’ या एका वाक्यापलीकडे तिला कोणी काही सांगितले नाही आणि वसतिगृहाचे शुल्क मात्र विद्यापीठाने दंडासह मागितले. तिचे वडील ऊसतोडणीच्या मुकादमाकडून उचल घेऊन तिला पैसे पाठवत राहिले. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. विद्यापीठाच्या ठेवी बँकांत असतात, त्यांवर व्याज मिळते, आणि प्रकल्पांतून विद्यापीठाला प्रशासकीय खर्चापोटी वेगळी रक्कमही मिळते. त्या रकमेतून एक फिरता निधी ठेवून अधिछात्रांचे मानधन दर महिन्याला द्यावे आणि हप्ता आला की ते वळते करून घ्यावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरे.

अभियांत्रिकीबद्दल मी थोडेच लिहितो, कारण तिथले दुखणे बरेचसे बाजाराचे आहे. बी.टेक. करून गेट उत्तीर्ण झालेला मुलगाही ३७,००० च्या अधिछात्रवृत्तीस पात्र असतो हे अनेकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यासमोर माहिती तंत्रज्ञान कंपनीची नोकरी असते. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत प्रकल्प अभियंत्यांच्या जाहिराती सतत असतात आणि त्या एका पानावर नीट सापडतातही, हे कबूल केले पाहिजे. पण राज्याच्या अन्य अभियांत्रिकी संस्थांत प्रकल्पच कमी, आणि जे आहेत तिथे योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणून पद परत जाते. एकीकडे पद रिकामे आणि दुसरीकडे ते निघालेच नव्हते असे समजणारा पात्र मुलगा, हा प्रकार मी ज्या तक्रारी ऐकतो त्यांत वारंवार येतो.

परदेशाकडे बोट दाखवून सगळे सोपे असल्याचा आव मी आणणार नाही. जर्मनीत पीएच.डी. करणाऱ्या बऱ्याच मराठी मुलांना विद्यापीठाचा नोकरीचा करार मिळतो, त्यात आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा असतो. सार्वजनिक सेवेच्या तेराव्या वेतनगटाचा पगार अभियांत्रिकीत बहुधा पूर्ण, तर जीवशास्त्रात अर्धा ते दोन तृतीयांश दिला जातो. तरीही २००७ च्या कायद्याने तिथे मुदतीच्या करारांना पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची, वैद्यकशास्त्रात नंतर नऊ वर्षांची मर्यादा आहे, आणि त्यानंतर कायम जागा न मिळालेल्या संशोधकांनी २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर मोठे आंदोलन केले. अस्थिरता तिथेही आहे. मात्र ती करारात पहिल्या दिवशी लिहिलेली असते, पगार महिनाअखेरीस खात्यात येतो आणि जागा निघाल्याचे सर्वांना दिसते. यांतील शेवटच्या दोन गोष्टींसाठी श्रीमंत देश असावे लागत नाही.

आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा आकडा सर्वांना माहीत आहे आणि तो कमी आहे हे सर्वांना मान्य आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले, त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा धरली गेली, आणि त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. राज्य विद्यापीठांत संशोधन रुजवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. हा पैसा येईल तेव्हा येईल. तो आला तरी राज्य विद्यापीठांतील अध्यापकांच्या रिकाम्या जागा आणि तासिका तत्त्वावर चाललेले विभाग पाहता प्रस्ताव लिहिणार कोण, हा प्रश्न आहेच, आणि तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. मात्र आज जी पदे मंजूर आहेत, ज्यांचा पैसा मंजूर आहे, त्यांच्यासाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाने, वैद्यकीय शिक्षण विभागाला सोबत घेऊन, राज्यापुरते एक संकेतस्थळ सुरू करावे. त्यावर पदाचे नाव, विषय, पात्रता, मानधन, मुदत, मुलाखतीची पद्धत आणि संपर्क मराठीत व इंग्रजीत असावा. जाहिरात किमान एकवीस दिवस राहावी आणि जिल्हा व विषय टाकून ती शोधता यावी. केंद्रीय संस्थांवर राज्याची सक्ती चालणार नाही, पण त्यांना निमंत्रण देता येईल आणि त्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही, कारण चांगले उमेदवार त्यांनाही हवेच आहेत.

तोपर्यंत आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा, तलाठी आणि पोलीस भरतीच्या माहितीशेजारी, राज्यातील संशोधन प्रकल्पांवरील चालू पदांना अर्ध्या पानाची जागा द्यावी: संस्था, पद, पात्रता, मानधन, शेवटची तारीख. ही माहिती आज विखुरलेली असली तरी सार्वजनिक आहे, आणि ती दर आठवड्याला गोळा करून, मूळ जाहिरातीशी ताडून आपल्याकडे पाठवण्याचे काम आम्ही काही निवृत्त शिक्षक विनामूल्य करू. पहिली यादी तयार आहे. आपण कळवाल त्या पत्त्यावर पाठवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक (रसायनशास्त्र), जि. लातूर